ती बास्केट कप्तानची नव्हती

आयुष्यभर मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मुलांनी जर्नलमध्ये खोटी रीडिंग लिहिली की मला लांबूनच कळायचं, कारण खोटी रीडिंग फार नीटनेटकी येतात. अशी जर्नलं मी किती मुलांच्या अंगावर फेकली असतील त्याची गणती नाही. आणि त्याच मी, पन्नाशी उलटलेली असताना, एका जर्नलात धडधडीत खोटं निरीक्षण लिहिलं. त्याची सही-शिक्क्याची प्रत नाही, पण जगभर पाहिलेली प्रत आहे. आता ते दुरुस्त करायला बसलोय, तर मेलं आधी हसूच येतंय.

आमचं कॉलेज डहाणूचं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. कॉलेजला खेळाचे शिक्षक नव्हते. बास्केटबॉलचं कोर्ट मात्र होतं, सिमेंटचं, एका बाजूची रिंग थोडी झुकलेली. बॉल आणि जाळ्या ठेवायची खोली प्रयोगशाळेला लागून, म्हणून किल्ली माझ्याकडे. किल्ली माझ्याकडे म्हणून मुलींची टीमही माझ्याकडे. टीम सात जणींची. कप्तान तलासरीकडची, झरीची. इथे वसतिगृहात राहायची. दोघी रानशेतच्या, बाकीच्या गावातल्या. मला खेळातलं एवढंच कळायचं की बॉल वरून आत गेला पाहिजे.

एकदा आमचे प्राचार्य कुठलंसं शिबिर करून आले आणि त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, पोरं सगळी वापीला आणि बोईसरला ॲडमिशन घेतात. आपल्याकडे यावीत तर आपलं काहीतरी दिसलं पाहिजे. दिसण्यासारखं आपल्याकडे काय आहे? बास्केटबॉल. तेव्हा बास्केटबॉलचं डिजिटल मार्केटिंग करायचं. ते कोण करणार, असं मी विचारलं. मुलाने वाढदिवसाला दिलेला मोठा फोन माझ्या खिशातून डोकावत होता, त्याकडे त्यांनी नुसतं बोट केलं.

सुरुवात मी मला येत होती तशी केली. सकाळी गुलाबाचं फूल, त्यावर ‘सुप्रभात’, खाली टीमचा फोटो. पाहणारे अकरा जण, त्यात सात टीमच्या, एक मी. हॅशटॅग म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं. ते नंबराचं चिन्ह आहे असं समजून मी एकच लावायचो, कॉलेज एकच आहे म्हणून. मग कप्तानने हसत हसत शिकवलं. रील किती सेकंदांची, गाणं कुठून घ्यायचं, स्टोरी आणि पोस्ट यांत फरक काय. मला तर त्याचा नादच लागला. मी एक कोरं जर्नल काढलं आणि प्रत्येक पोस्ट प्रयोगासारखी नोंदवायला लागलो: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. संध्याकाळी टाकलेली रील जास्त चालते, हे मी तीन आठवड्यांत सिद्ध केलं. आमचे बघणारे डहाणूपेक्षा वापी-उमरगावचे जास्त, हेही सिद्ध केलं. त्याचं कारण झरीला गेलो तेव्हा कळलं. कप्तानच्या घरामागे रील काढत होतो, तेवढ्यात फोनवर गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज आला. म्हटलं, पाहुणे आहेत, तर त्यांच्या भाषेत बोलू. तेव्हापासून खाली मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तीन भाषांत लिहायला लागलो. बायको म्हणायची, प्रयोगशाळेत इतकं लक्ष दिलं असतं तर आज तुमच्या नावाचं एखादं आम्ल असतं.

आता जवळ्याचं सांगायला हवं, कारण सगळं पाप त्यातलं आहे.

कोर्टच्या मागे खाडीकाठची मच्छीमारांची आळी. तिथल्या बायका जवळा वाळवायच्या त्या वाळूवर. जवळा म्हणजे नखाएवढी कोलंबी. वाळूवर वाळला की दाताखाली कचकचतो. कॉलेजचं कोर्ट म्हणजे त्यांना सोन्याची परात. प्राचार्यांनी ‘कोर्टवर मासळी वाळवू नये’ अशी पाटीच लावलेली. पण किल्ली माझ्याकडे, म्हणजे सकाळचं कोर्टही माझ्याच ताब्यात. आळीतली एक बाई, घरी मासळी द्यायला यायची ती, एकदा माझ्या बायकोला म्हणाली, वहिनी, सरांनी सकाळी दोन-तीन तास कोर्ट दिलं तर वाळूशिवायचा जवळा खाल. माझ्या बायकोने मला विचारलंही नाही. तिने हो म्हणून टाकलं.

तेव्हापासून टीमचा सराव साडेसातला संपायचा आणि आळीतल्या बायका मागच्या कुंपणाच्या फटीतून टोपल्या घेऊन आत यायच्या. प्राचार्य अकराला यायच्या आत सगळं खराट्याने गोळा. आमच्या घरात जवळ्याची चटणी, जवळ्याचं कालवण, जवळा घालून वांगं. मी दर आठवड्याला पिशवीभर जवळा घरी आणत होतो आणि वर पाटीखालून जाताना मान खाली घालत होतो.

तर त्या सकाळी सराव संपला होता. मला टीमचा एक फोटो हवा होता. मुली पाणी प्यायला नळावर गेल्या होत्या, कप्तान माझ्यामागे बसून बुटाची नाडी बांधत होती. त्या येईपर्यंत एक फोटो काढून पाहावा म्हणून मी फोन समोर धरून बटण दाबलं. फोटो निघेना म्हणून फोन तसाच धरून राहिलो. तेवढ्यात त्या मासळीवाल्या बाईची मुलगी मागून आत आली. डोक्यावर ओल्या जवळ्याची टोपली, एक हात टोपलीला, तोंडाला ओढणी, अंगात पुऱ्या बाह्यांचा जुना शर्ट. कुणाच्या तरी हातून सुटलेला बॉल तिच्या पायाशी येऊन थांबला. तिने पायाने तो उडवला, मोकळ्या हातात घेतला आणि अर्ध्या कोर्टावरून, टोपली जराही न हलवता, रिंगकडे फेकला. बॉल सरळ आत गेला. कडेला न लागता. तिने मागे वळूनही पाहिलं नाही, टोपली उतरवून जवळा पसरायला लागली.

दुपारी डबा खाताना कळलं की फोटोऐवजी व्हिडिओ निघालाय आणि सगळं त्यात आलंय.

मी तो तीनदा पाहिला, सातदा पाहिला, आणि डबा तसाच राहिला. असा व्हिडिओ हातात असताना तो न टाकणं माणसाच्या हातात नसतं. पण खाली लिहायचं काय? खरं लिहावं, तर ही कोण, आत कशी आली, टोपलीत काय, असे प्रश्न येणार. पाटी, किल्ली, फट आणि माझ्या घरची चटणी, सगळं एका ओळीत बाहेर पडणार. मी लिहिलं: ‘आमची कप्तान. डोक्यावर वजन घेऊन तोल साधण्याचा खास सराव. ही आमच्या कॉलेजची पद्धत.’ तिन्ही भाषांत लिहिलं. जर्नलात निरीक्षणाखालीही तेच लिहिलं.

संध्याकाळपर्यंत फोन तापला. माझ्या हातात काहीतरी उकळतंय असं वाटत होतं. पहिली प्रतिक्रिया वापीहून: “आ छोकरी कोण छे?” मी ताबडतोब उत्तर दिलं, कप्तान. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, खाली जमिनीवर ते गुलाबी काय आहे? कोपऱ्यात आधीच पसरलेला जवळा दिसत होता. मी लिहिलं, कोर्टचा रंग.

आणि मग जे झालं ते आठवलं की मी आजही एकटा बसून हसतो. प्राचार्यांना तो गुलाबी रंग फार आवडला. कोर्ट गुलाबी आहे हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, असं ते म्हणाले. मी म्हणालो, सर, उडालाय. मग संस्थेने खरोखर रंगारी लावून अख्खं कोर्ट गुलाबी केलं. रंग वाळेपर्यंत आळीवर संकट होतं, पण नंतर बायकांची चांदी झाली. गुलाबीवर गुलाबी जवळा दिसेचना. एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन नऊ वाजताच आले आणि कोर्टावरून चालत गेले. बुटाखाली कुरकुर वाजत होतं. त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, नवा रंग आहे, अजून बसायचाय.

दुसऱ्या एका कॉलेजच्या टीमने डोक्यावर टोपल्या घेऊन सराव सुरू केला. फोन करून त्यांनी मला विचारलं, टोपलीत वजन किती घ्यायचं? मी म्हणालो, अर्ध्या टोपलीपासून सुरू करा. मी रसायनशास्त्राचा माणूस; प्रमाण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मग आमच्याच टीमला टोपल्या घ्याव्या लागल्या, कारण ती ‘आमची पद्धत’ होती. रानशेतच्या दोघींना लहानपणापासून डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घ्यायची सवय, त्या मजेत पळायच्या. बाकीच्यांच्या टोपल्या कोर्टभर गडगडायच्या. पुढच्या वर्षी ॲडमिशनला रांग लागली. प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली.

या सगळ्या गमतीत दोन माणसं हसत नव्हती. मला ते दिसत होतं.

एक ती टोपलीवाली. व्हिडिओ पडल्याच्या चौथ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. हातात कुणाचा तरी फोन.

“सर, ही मीच ना?”

मी म्हणालो, हो, पण. आणि मग त्या ‘पण’च्या मागे मी अर्धा तास बोललो. तुझं नाव बाहेर आलं तर जवळा बंद होईल, एका घराचा नाही, अख्ख्या आळीचा. तुझ्या आईला काय सांगशील? तिने सगळं ऐकलं. माझी चटणी मी त्यात कुठे आणली नाही.

“बरं. नाव नका सांगू,” ती म्हणाली. “मला टीममधी घ्या. मी बारावी झालेय. खेळाच्या कोट्यातून ॲडमिशन भेटते ना?”

भेटत होती. एका अर्जाचं काम होतं, अर्जही माझ्याच टेबलावर. पण ती मैदानात उतरली असती तर पहिल्याच बास्केटला जगाने ओळखलं असतं, हा हात तोच आहे म्हणून. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, तेव्हा मी तिला खिडकीतून येताना पाहिलं आणि आम्लांच्या कपाटामागे जाऊन उभा राहिलो. पन्नाशी उलटलेला माणूस, श्वास रोखून. ती थोडा वेळ थांबली आणि गेली. तिसऱ्या वर्षी आली नाही. जवळा मात्र तिच्या आईच्या हातून येत राहिला, आणि मी खात राहिलो.

दुसरी कप्तान. तिला जिथे तिथे बोलवायला लागले, आणि जिथे तिथे टोपली तयार. गणपतीत, कॉलेजच्या कार्यक्रमांत, कुणाच्या तरी सत्काराला. बिचारी चांगली खेळाडू होती, दोन हातांनी नेम धरला तर चुकायची नाही; पण डोक्यावर टोपली ठेवून एका हाताने? कोसबाडला शेतकऱ्यांच्या मेळाव्यात तिच्या डोक्यावर टोमॅटोची टोपली ठेवली. बॉल गेला मंडपाच्या कापडावर आणि टोमॅटो पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या मांडीवर. सगळे हसले, पाहुणेही हसले, मी तर डोळे पुसेपर्यंत हसलो. परतताना जीपमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. डहाणू यायच्या आधी एकदाच बोलली.

“सर, ती मी नाय. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मग मी किती दिवस ती राहू?”

मी म्हणालो, बाळ, कॉलेजचा प्रश्न आहे. ती पदवी होईपर्यंत ‘ती’ राहिली. नंतर कधीच त्यावर बोलली नाही. मला वाटलं, विसरली.

मी निवृत्त झालो. प्राचार्य बदलले, बाई आल्या. पेजकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही आणि पासवर्डही कुणी बदलला नाही. तो धुण्याच्या सोड्याचं सूत्र आहे, ते कॉलेजात दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही. ती टोपलीवाली आता डहाणूच्या मासळीबाजारात बसते. मी तिच्याकडूनच मासे घेतो. ती मला नेहमी एक बोंबील जास्त टाकते. त्या जास्तीच्या बोंबलाने माझा जेवढा छळ केला तेवढा कुणी केला नसेल.

या वर्षी कॉलेजने रिंग सरळ केली आणि जुन्या खेळाडूंचा सामना ठरवला. कप्तान आता तलासरीकडे आश्रमशाळेत खेळ शिकवते. तिचा फोन आला. सर, पेज अजून तुमच्याकडेच ना, असं विचारलं. मग म्हणाली, आम्ही चारच जणी येतोय, पाचवी मी टोपलीवालीला घेतलीय.  तिने मग शांतपणे सांगितलं की त्या मेळाव्यानंतर ती स्वतः आळीत गेली होती आणि त्या मुलीला म्हणाली होती, मला शिकव. दोघी कित्येक संध्याकाळी किनाऱ्यावर होडीत बॉल टाकत बसायच्या. इतकी वर्षं दोघी मैत्रिणी होत्या. म्हणजे गुपित फक्त माझ्याचपासून होतं.

“पण कमिटी म्हणते, रेकॉर्डमध्ये नाव असेल तीच खेळणार,” कप्तान म्हणाली. “आणि रेकॉर्ड तुमचं आहे, सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो. वाटेत तीन वेळा पाठ केलेलं माफीचं बोलणं तिच्यासमोर उभं राहिल्यावर एकाही शब्दाने बाहेर आलं नाही. नुसतं म्हणालो, मी आता सगळं सांगणार आहे. ती सुरमई कापत होती. तिने कोयता थांबवला नाही.

“आठ वर्षं लागली ना सर तुम्हाला. मला तर पोरगीसुद्धा नऊ महिन्यांत झाली.”

शेजारच्या बायका खो-खो हसल्या. मीही हसलो, काय करणार. मग तिला विचारलं, जवळ्याचंही सांगू का? की ते सोडून बाकीचं सांगू? ती म्हणाली, जवळ्याचं आधी सांगा. कोर्टचा रंग उडालाय, आता जवळा लांबून दिसतो, आई रोज घाबरत पसरते. मग माझ्या पिशवीत नेहमीप्रमाणे एक बोंबील जास्त टाकला. मी तो काढून परत ठेवला. तिने पुन्हा टाकला. असं दोनदा झालं, तेव्हा मागचं गिऱ्हाईक म्हणालं, काका, घ्या ना, आम्हालाही घरी जायचंय.

सामन्याच्या दिवशी मी जर्नल काखेत घेऊन गेलो. बायको सोबत होती. ती म्हणाली, गुन्ह्यात मी पण आहे. मी माईक घेतला आणि फोनवरून पेजही लाइव्ह केलं, म्हणजे पुन्हा माघार नको. जर्नलचं ते पान वाचून दाखवलं आणि म्हणालो, हे निरीक्षण खोटं आहे. ती बास्केट कप्तानची नव्हती. तोल साधण्याची आमची काही पद्धत नव्हती. ती मुलगी जवळा वाळवायला आली होती, आत मी घेत होतो, आणि त्या बदल्यात पिशवी घरी नेत होतो. तिला या कॉलेजात यायचं होतं, खेळायचं होतं. अर्ज माझ्या टेबलावर होता आणि मी कपाटामागे लपलो होतो.

 नव्या प्राचार्याबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी चष्मा पुसला.

“तरीच,” त्या म्हणाल्या. “कोर्ट कुरकुरतं म्हणून इथे आल्यापासून मी रंगवाल्याला दोष देतेय.”

मग जे हसू फुटलं ते थांबेना. बाईंनी त्यातच सांगितलं की नऊपर्यंत जवळा वाळवा, पण मुलांच्या बुटांना लागता कामा नये. आणि कमिटीकडे वळून म्हणाल्या, रेकॉर्ड आता दुरुस्त झालं ना, मग लिहा पाचवीचं नाव. कप्तानने पिशवीतून जर्सी काढली. ती आधीच शिवून आणली होती.

टोपलीवाली बाजारातून तशीच आली होती, हाताला खवले. तिने जर्सी ड्रेसवरूनच चढवली. सामना जेमतेम झाला. सगळ्याजणी धापा टाकत होत्या. तिच्या वाट्याला तीन बॉल आले, तिन्ही चुकले. एक रिंगला लागून माझ्या बायकोच्या मांडीवर पडला. लोक एकमेकांकडे बघायला लागले.  म्हटलं, आता लोक म्हणणार, म्हातारा पुन्हा खोटं बोलला.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग कोर्टाबाहेर बसलेल्या आईकडे वळली.

“आई, टोपली दे. मोकळ्या डोक्याने मला जमत नाही.”

आईने भरलेलीच टोपली दिली. तिने ती डोक्यावर घेतली, एक हात तिला लावला, आणि अर्ध्या कोर्टावर जाऊन उभी राहिली. कप्तानने बॉल पायाशी सोडला. पंचाने शिट्टी तोंडातून काढून हातात धरली.

मी फोन वर केला. या वेळी चूक करायची नाही, फोटो नाही, व्हिडिओच, असं तीनदा तपासलं.

घरी येऊन पाहिलं. व्हिडिओ निघालाय, चांगला लांब निघालाय, आणि त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त माझं तोंड आहे. कॅमेरा उलटा लागला होता. एक म्हातारा दात नसलेल्या बाजूने ओठ दाबून वर बघतोय. मग जाळीचा सळ्ळ असा आवाज येतो, आणि म्हाताऱ्याचं तोंड उघडतं, आणि पुढे बराच वेळ तो वेड्यासारखा हसत राहतो.

मी तो तसाच पेजवर टाकला. पहिली प्रतिक्रिया वापीहूनच आली: “आ काका कोण छे?”

बॉल आत गेलेला त्यात कुठेच दिसत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे. बॉल आत गेला. कडेला न लागता. टोपली हलली नाही. निरीक्षण माझं, डोळ्यांनी पाहिलेलं.